पैसे परत घेऊन जा, पण सुईचा सल्ला तेवढा काढा

नमस्कार.

तुमचा अभिप्राय दोनदा वाचला. फोन चार्ज होईना म्हणून तुम्ही आमच्याकडे आणलात, आम्ही चार्जिंग पोर्ट बदलला आणि तीन आठवड्यांत पुन्हा तेच सुरू झालं. मग तुम्ही घरीच सुईने पोर्ट कोरला, आतून धुळीचा गोळा निघाला आणि फोन चार्ज व्हायला लागला. पोर्ट बदलायची गरजच नव्हती, वर दुकानात काम करणारा आमचा मुलगा नवी केबल गळ्यात मारत होता, असं तुमचं म्हणणं. शेवटी बाकीच्यांना सल्ला दिलाय: 'दुकानात जाऊ नका, सुई घ्या.'

आधी पोर्टचं. त्या दिवशीची नोंद मी काढून पाहिली. तिच्यात 'पोर्ट बदलला' एवढंच लिहिलंय. आधी साफ करून पाहिला का, दुसरी केबल लावून पाहिली का, काहीच नाही. काढलेला पोर्ट तुम्हाला दाखवला नाही आणि जपूनही ठेवला नाही. त्यामुळे तो खरोखर गेला होता, असं मी आज छातीठोकपणे म्हणू शकत नाही. उलट नव्या पोर्टमध्येही तीन आठवड्यांत गोळा साचला असेल, तर पहिल्या वेळीही धूळच असण्याची शक्यता जास्त वाटते. चूक आमची आहे. तुमचे पूर्ण पैसे परत मिळतील. पावती सापडत नसेल तरी या, नोंद आमच्याकडे आहे. यापुढे आधी सफाई, मग दुसरी केबल आणि दुसरा अडॅप्टर लावून बघायचं, आणि पोर्ट काढलाच तर तो गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा, असं मी सगळ्यांना सांगितलं आहे.

आता सुईचं. याचसाठी एवढं लांब उत्तर लिहितो आहे, कारण तुमचा सल्ला वाचून उद्या कुणीतरी खरंच सुई घेऊन बसेल.

तुमच्या फोनला टाइप-सी पोर्ट आहे. त्याच्या मधोमध एक पातळ पट्टी असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना बारा-बारा असे 24 संपर्क, म्हणजे केबलच्या पिनेला टेकणारे धातूचे बारीक भाग, असतात. दोन शेजारच्या संपर्कांच्या मध्यांमधलं अंतर जेमतेम अर्धा मिलिमीटर. सुईचं टोक तिथे घसरलं की संपर्कांवरचा सोन्याचा पातळ मुलामा खरवडला जातो. तो गेला की खालचा धातू उघडा पडतो आणि ओल लागली की गंजायला लागतो. फोन आज चालतो, बिघाड काही महिन्यांनी दिसतो, तोवर सुईची आठवणही राहत नाही. जोर जास्त लागला तर पट्टीच तुटते, मग मात्र पोर्ट बदलण्यावाचून इलाज नाही. सुई धातूची असल्यामुळे दोन संपर्क एकमेकांना जोडले जाण्याचा धोका असतोच. तुमचा फोन सुखरूप राहिला याचा मला आनंद आहे, पण दरवेळी तसं होईलच असं नाही.

धूळ काढायला लाकडी किंवा प्लास्टिकचं बारीक दातकोरणं पुरतं. फोन बंद करा, उजेडात धरा आणि पट्टीला न टेकता फक्त कडेकडेने तळापर्यंत जा. खिशातले धाग्यांचे तंतू तिथेच असतात. दरवेळी केबल लावताना पिन त्यांना मागे ढकलते, दाबून दाबून त्यांचा नमद्यासारखा थर होतो आणि मग पिन पूर्ण आत बसत नाही. आत जाताना 'टक्' असं जाणवत नसेल, पिनेची धातूची कड पूर्वीपेक्षा जास्त बाहेर दिसत असेल, तर धूळ आहे असं समजा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे बारीक थेंब आत जातात. पोर्ट ओला असताना तर चार्जिंगला लावूच नका. ओल्या संपर्कातून वीज गेली की ते फार झपाट्याने खराब होतात.

केबलच्या बाबतीत मात्र आमच्या मुलाची बाजू घेतो. टाइप-सीमध्ये पिन धरून ठेवणाऱ्या बाजूच्या स्प्रिंगा फोनमध्ये नसतात, केबलच्या पिनेत असतात. झिजणारा भाग मुद्दाम स्वस्त वस्तूत ठेवलेला आहे. म्हणून पिन सैल वाटली की आधी केबलवर संशय घ्यायचा. हा पोर्ट 10,000 वेळा लावण्या-काढण्यासाठी बनवलेला असतो, म्हणजे दिवसातून तीनदा लावला तरी नऊ वर्षं. नुसत्या लावण्या-काढण्याने तो सहसा जात नाही, घाण, ओल आणि आडवा ताण यांनी जातो. चार्जिंगला लावलेला फोन छातीवर टेकवून बघत पडलं की पिनेवर तोच आडवा ताण येतो.

केबल आमच्याकडूनच घ्या असं अजिबात नाही. घरातली दुसरी कुणाची तरी लावून बघा. मग पिन उलटी करून बघा: एका बाजूने चार्ज होतो आणि दुसऱ्या बाजूने नाही, असं झालं तर पिनेतले किंवा पोर्टमधले एका बाजूचे संपर्क खराब असण्याची शक्यता जास्त. कुठले, ते दुसऱ्या केबलने लगेच कळतं. ही परीक्षा त्या दिवशी काउंटरवर तुमच्यासमोर करून दाखवायला हवी होती. नुसतं 'केबल बदला' म्हटल्यावर कुणालाही विक्रीच वाटणार.

पैसे न्यायला याल तेव्हा फोन आणि तुमची केबल दोन्ही घेऊन या. सुईने पट्टीला काही झालंय का, ते भिंगाखाली तुम्हालाच दाखवतो, त्याचे पैसे नाहीत. आमच्याविरुद्ध लिहिलेलं सगळं तसंच राहू द्या. फक्त सुईची ती ओळ काढा, एवढी विनंती आहे.