‘फोरट्रान मेली, कोड पायथॉनमध्ये टाका’: जरा थांबा

सध्या एक दावा जोरात फिरतोय: फोरट्रान ही जुनी प्रोग्रामिंग भाषा मेली, तिच्यातला वैज्ञानिक कोड एआयला द्या, तो पायथॉन या आजच्या लोकप्रिय भाषेत करून देईल, वेगही वाढेल, आणि कोड चालला की काम फत्ते.

‘मेली’? १९५७ मध्ये आयबीएमने आणलेल्या या भाषेचं ताजं मानक २०२३चं आहे. हवामानाचं डब्ल्यूआरएफ मॉडेल आजही फोरट्रानमध्येच आहे. पायथॉनची नमपाय ही आकडेमोडीची लायब्ररी (तयार कोडचा संच) समीकरणं सोडवायला ज्या लापॅक या लायब्ररीवर टेकते, तिचा मूळ कोडही फोरट्रानचाच.

‘एआय करून देईल.’ देईल की! एफ२सी हे साधन १९९०च्या सुमारासच फोरट्रान ७७ या जुन्या आवृत्तीतला कोड सी भाषेत करून देत होतं. वाक्यरचना बदलणं कधीच अवघड नव्हतं.

‘चालला की झालं.’ खरी मेख इथे आहे. कोड चालतो, उत्तर चुकतं. उणे ७ भागिले २ घ्या. फोरट्रानमध्ये पूर्णांकांच्या भागाकाराचा अपूर्णांक सरळ छाटला जातो, उत्तर −३. पायथॉनमध्ये / लिहिलंत तर −३.५, // लिहिलंत तर −४. एररही येत नाही. अशा भागाकारातून ग्रिडवरची (गणिताच्या जाळीवरची) जागा काढत असाल, तर ऋण बाजूचा बिंदू मात्र गुपचूप एक घर सरकतो.

दुसरी गंमत: जुन्या कोडमध्ये नुसतं ०.१ लिहिलं असेल तर तो स्थिरांक सहसा सिंगल प्रिसिजनचा, म्हणजे कमी अंकांपर्यंतच अचूक. डबल प्रिसिजनच्या (जास्त अंकांपर्यंत अचूक) चलात टाकला तरी आत ०.१०००००००१४९ च्या आसपासची संख्या बसते. पायथॉनमध्ये तेच ०.१ डबल होतं. नवा आकडा जास्त अचूक, पण जुन्या निकालांशी जुळत नाही. मग यातला फरक प्रिसिजनचा किती आणि रूपांतरातल्या चुकीचा किती, हे निवडताना घाम फुटतो.

वेगाचं म्हणाल, तर लूप (तीच कृती पुन्हापुन्हा करणारा कोड) जसेच्या तसे साध्या पायथॉनमध्ये उतरवले की कोड कितीतरी पट मंदावतो. नमपाय सावरून घेते, पण लूप मोडून अ‍ॅरेच्या (आकड्यांच्या तक्त्याच्या) भाषेत नव्याने लिहावे लागतात. शिवाय फोरट्रान अ‍ॅरे स्तंभांनी साठवते, नमपाय एरवी ओळींनी; त्यामुळे तो क्रमही सांभाळावा लागतो.

एक मान्य: फोरट्रान वाचणारी माणसं सहज मिळत नाहीत, त्यामुळे काही कोड हलवावाच लागेल. तेव्हा फोरट्रान पायथॉनला जोडणाऱ्या एफ२पाय या साधनाने जुनी सबरूटीन (कोडचे स्वतंत्र तुकडे) पायथॉनमधून बोलवा, एकेक बदला, प्रत्येक बदलानंतर जुनी-नवी दोन्ही त्याच इनपुटवर चालवा. किती फरक चालेल, तो आकडा मात्र आधीच ठरवा. निकाल बघून नव्हे.