‘१२ व्होल्टने काही होत नाही’ म्हणणाऱ्यांसाठी

‘कारची बॅटरी बदलायला मेकॅनिक कशाला? दहा नंबरचा पाना घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. १२ व्होल्टने शॉक लागत नाही, त्यामुळे धोका शून्य. वायर कोणतीही आधी काढा. इंजिन चालू ठेवून बदललीत तर घड्याळ-रेडिओचं सेटिंगही जाणार नाही. जुनी बॅटरी भंगारवाल्याला द्या, पैसे सुटतील.’ अशा आशयाचा मेसेज नातेवाइकांच्या आणि सोसायटीच्या ग्रुपवर फिरत असतो. मेकॅनिक लागतोच असं नाही, हे मलाही मान्य आहे. साध्या पेट्रोल-डिझेल गाडीची बॅटरी घरी बदलता येते आणि ती बदलायला लोकांनी शिकावं. म्हणूनच बाकीच्या मजकुराचा राग येतो. तो वाचून कोणी खरोखरच पाना हातात घेईल.

आधी शॉकचं बघू. कोरड्या हाताला १२ व्होल्टचा झटका बसत नाही, हे खरं. पण या कामात भीती झटक्याची नसतेच. स्टार्टर फिरवताना हीच बॅटरी शेकडो अँपिअर करंट देते. पान्याचं एक टोक प्लसवर असताना दुसरं गाडीच्या बॉडीला टेकलं, की तेवढा करंट थेट पान्यातून धावतो. ठिणग्या उडतात, पाना जागच्या जागी चिकटू शकतो आणि बघता बघता तापतो. त्या वाटेत बोटातली अंगठी आली तर ती काढायच्या आत बोट भाजलेलं असतं. अंगठी, कडं, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ बॉनेट उघडण्याआधीच उतरवून ठेवायचं.

दुसरी भीती गॅसची. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, आणि हवेत त्याचं प्रमाण ४ टक्के झालं तरी एक ठिणगी पुरते. बॅटरी फुटली तर प्लास्टिकचे तुकडे आणि सल्फ्युरिक ॲसिड तोंडावर येतं. त्यामुळे काम मोकळ्या हवेत, डोळ्यांवर सेफ्टी गॉगल आणि हातात रबरी मोजे घालूनच करायचं. डोळ्यात ॲसिड गेलंच तर लगेच नळाखाली डोळा उघडा धरून निदान १५-२० मिनिटं धुवायचा आणि तडक डॉक्टर गाठायचा. खायचा सोडा टर्मिनलवर साचलेली पांढरी-हिरवी पूड साफ करायला उत्तम, डोळ्यात मात्र तो चुकूनही घालू नका.

‘वायर कोणतीही आधी काढा’ हे या मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य. आजच्या गाड्यांत मायनस बॉडीला जोडलेला असतो, म्हणजे इंजिनापासून मडगार्डपर्यंतचा उघडा धातू मायनसच. मायनस जोडलेला ठेवून प्लसचा नट सैल करायला गेलात, तर पाना फिरताना शेजारच्या पत्र्याला लागायला दोन बोटांचं अंतरही नसतं. मायनस आधी काढून बाजूला, कापडात गुंडाळून ठेवला, की मग प्लस सोडवताना पाना बॉडीला लागला तरी काही होत नाही. बसवताना क्रम उलटा: प्लस आधी, मायनस शेवटी. पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळलेली बरी. प्लस-मायनसचा घोळ होत असेल तर दोन खांब नीट बघा, प्लसचा खांब मायनसपेक्षा किंचित जाड असतो.

इंजिन चालू ठेवून बॅटरी काढायचा सल्ला कुठून आला असेल, याचा अंदाज करता येतो. जुन्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक्स फारसं नव्हतं, त्यामुळे ते खपून गेलं असेल. आज अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज तयार करणारा जनरेटर) चार्ज करत असताना बॅटरी तोडली तर व्होल्टेज क्षणभर उसळतं. याला लोड डम्प म्हणतात. संरक्षण नसेल तर ते ४० व्होल्टच्याही बरंच वर जाऊ शकतं. अल्टरनेटरचे डायोड आणि ईसीयू (इंजिन सांभाळणारा गाडीतला कॉम्प्युटर), दोन्ही त्यात जाऊ शकतात. घड्याळ परत लावायला एक मिनिट लागतं, ईसीयूचा खर्च हजारोंत जातो. इंजिन बंद, दिवे बंद आणि किल्ली खिशात. काही गाड्यांत बॅटरी काढल्या-जोडल्यावर सेंट्रल लॉक आपोआप बसतं, म्हणून किल्ली आत ठेवायची नाही.

मेसेजमध्ये नसलेली पण महत्त्वाची गोष्ट म्हणजे योग्य बॅटरी. ३८बी२०एल आणि ३८बी२०आर या नंबरांच्या बॅटऱ्यांचा आकार सारखाच, पण प्लस-मायनसच्या बाजू उलट. चुकीची आणलीत तर वायर पोचत नाही, आणि ओढूनताणून पोचवली तर उलटी जोडली जाण्याची भीती. जुन्या बॅटरीवरचा नंबर फोटो काढूनच दुकानात जा. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणाऱ्या गाडीत ईएफबी किंवा एजीएम म्हणजे वारंवार स्टार्ट होणं सोसणारी खास बॅटरी असते, तिच्या जागी साधी चालत नाही. काही गाड्यांत तर नवी बॅटरी स्कॅनरने नोंदवावी लागते, तिथे गॅरेजच बरं. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी वायर दिसली तर तिला हातही लावायचा नाही.

राहिला भंगारवाला. बॅटरीच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग शिसं असतं. ते पुन्हा वितळवून वापरता येतं, पण बॅटरी उघड्यावर फोडून ते वितळवणाऱ्याच्या आणि त्याच्या घरातल्या लेकरांच्या अंगात जातं. लहान मुलांच्या मेंदूला ते थेट इजा करतं. २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून रीसायकल करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नवी बॅटरी घेताना जुनी दुकानातच द्या. बहुतेक विक्रेते तिचे पैसे बिलातून वजा करतात. नेताना ती उभीच, प्लास्टिकच्या ट्रेमध्ये ठेवा. लहान गाडीची बॅटरीही दहा किलोच्या आसपास भरते, तेव्हा उचलताना कमरेतून नाही, गुडघ्यांतून वाका.