'बरे होऊन घरी गेले' असं लिहिण्याआधी

कोविडच्या साथीच्या काळात रोज संध्याकाळी तीन आकडे यायचे. नवे रुग्ण, मृत्यू आणि बरे होऊन घरी गेलेले. मी फिजिओथेरपिस्ट आहे. त्या तिसऱ्या आकड्याचा मला तेव्हाही राग यायचा आणि आजही येतो. त्या आकड्यात धरलेली कितीतरी माणसं मी जवळून पाहिली आहेत. खुर्चीतून हाताचा आधार घेतल्याशिवाय उठता येत नाही, कंगवा धरलेला हात डोक्यापर्यंत पोचत नाही, बाथरूमपर्यंत जाऊन आलं की धाप लागते आणि पुढचा तासभर बोलायचंही त्राण उरत नाही. पण रिपोर्ट निगेटिव्ह आला, सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण, टिकतंय, म्हणजे पेशंट बरा.

बेड कमी होते, बाहेर माणसं थांबली होती, हे मला मान्य आहे. माझी तक्रार डॉक्टरांबद्दल किंवा नर्सेसबद्दल नाही. आम्ही त्यांच्याच शेजारी उभं राहून काम केलं आणि त्यांनी काय सोसलं ते डोळ्यांनी पाहिलं. मला म्हणायचंय ते एवढंच की साथीचा आराखडा करताना फिजिओथेरपिस्टला पहिल्या दिवसापासून त्यात धरा. व्हेंटिलेटर किती, ऑक्सिजन किती याच्या जोडीला, वाचलेल्या माणसाला उठवून उभं कोण करणार, तेही त्याच कागदावर लिहिलं गेलं पाहिजे. आणि आपल्या पेशातल्या मंडळींनाही एक सांगायचं आहे. ही जागा हक्काने मागायची असेल तर आयसीयूत काम करायचं कौशल्य आपल्या हातात हवं. साथ आली तेव्हा बऱ्याच जणांच्या हातात ते राहिलं नव्हतं.

आयसीयूतून वाचलेल्या माणसाचं पुढे काय होतं, हे कोविडच्या आधी माहीत नव्हतं असं कुणी म्हणू नये. टोरांटोच्या मार्गारेट हेरिज आणि सहकाऱ्यांनी एआरडीएसमधून, म्हणजे फुप्फुसं अचानक निकामी होण्याच्या आजारातून वाचलेल्या १०९ जणांचा वर्षभर पाठपुरावा केला आणि २००३ साली तो प्रसिद्ध केला. वर्षाअखेरीस फुप्फुसं बऱ्यापैकी सुधारली होती. तरी जेमतेम निम्मे लोक कामावर परतले होते. स्नायू झडलेले, अंगात ताकद नाही, ही त्यांची मोठी तक्रार होती. याच लोकांचा पाच वर्षांनंतरचा अहवाल २०११ मध्ये आला. सहा मिनिटांत ही माणसं जेवढं अंतर चालायला हवीत, त्याच्या सुमारे ७६ टक्केच चालत होती. पाच वर्षांनंतर!

२०१३ साली लंडनमध्ये आयसीयूतल्या पेशंटच्या मांडीच्या पुढच्या स्नायूची सोनोग्राफी करून पाहिली गेली. दहाव्या दिवसापर्यंत त्या स्नायूचा आडवा छेद सरासरी १७.७ टक्क्यांनी घटला होता. आणि यावर उपाय नाही असंही नाही. २००९ च्या 'लॅन्सेट'मध्ये श्वायकर्ट आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आहे. व्हेंटिलेटरवरच्या १०४ पेशंटचे दोन गट केले. गुंगीची औषधं दोन्ही गटांत रोज थांबवली जात, पण एका गटाला त्या वेळात अगदी सुरुवातीपासून फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजची कामं स्वतः करायला शिकवणारे उपचार, दिले. हॉस्पिटलमधून बाहेर पडताना त्या गटातले ५९ टक्के लोक स्वतःचं स्वतः करू शकत होते, दुसऱ्या गटातले ३५ टक्के. इतका फरक एखाद्या औषधाने पडला असता तर ते प्रत्येक हॉस्पिटलच्या कपाटात असतं.

आता आयसीयूत आम्ही नेमकं काय करतो ते सांगते, कारण शेक आणि व्यायाम यापलीकडे आमचं काम बहुतेकांना ठाऊक नसतं. छातीची फिजिओथेरपी म्हटलं की पाठीवर थापट्या मारून बेडका सुटा करणं, एवढंच चित्र लोकांच्या डोळ्यांपुढे येतं. कोविडच्या बहुतेक पेशंटना कोरडा खोकला होता, बेडका नव्हताच. शिवाय मुद्दाम खोकायला लावलं की विषाणू हवेत उडण्याचा धोका. साथ जाहीर झाल्यावर काही आठवड्यांतच पीटर थॉमस आणि सहकाऱ्यांनी हॉस्पिटलमधल्या फिजिओथेरपीसाठी शिफारशी प्रसिद्ध केल्या. त्यांत हे स्वच्छ लिहिलं होतं: ज्यांना कफ आहे आणि तो स्वतः काढता येत नाही, त्यांच्यासाठी श्वसनाची फिजिओथेरपी, सरसकट सगळ्यांसाठी नाही. कधी हात लावायचा नाही हे कळणं हीसुद्धा आमच्या पेशातली विद्या आहे.

मग काम उरलं ते पालथं झोपवण्याचं आणि उठवण्याचं. तीव्र एआरडीएसमध्ये व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला दिवसातले किमान १६ तास पालथं ठेवलं तर जीव वाचतात, हे फ्रान्समधल्या मोठ्या अभ्यासाने २०१३ मध्येच दाखवलं होतं. २८ दिवसांतले मृत्यू ३२.८ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले होते. ऐकायला सोपं वाटतं, पण बेशुद्ध माणसाला पालथं करायला पाच-सहा जण लागतात. डोक्याशी उभा असलेला माणूस नळी सांभाळतो आणि तोच आकडे म्हणतो, बाकीचे त्याच्या तालावर हलतात. त्यानंतरचं काम बारीक आहे. एक हात वर, एक खाली, मान वरच्या हाताच्या बाजूला, आणि दर काही तासांनी बाजू बदलायची. खांदा जास्त ताणला गेला की तिथल्या नसांना इजा होते आणि माणूस शुद्धीवर येतो तो हात लुळा घेऊनच. पावलाकडेही तसंच लक्ष ठेवावं लागतं, नाहीतर पाऊल लुळं पडून खाली लोंबतं. हे ओळखायचं आणि टाळायचं शिक्षण आमचं असतं. तरी पालथं करणाऱ्या टीममध्ये आम्हाला धरायचं की नाही, हे कित्येक ठिकाणी त्या दिवशी ड्यूटीवर कोण आहे यावर ठरत होतं.

आणि कॉटच्या कडेला बसवणं. व्हेंटिलेटरवरून नुकत्याच निघालेल्या माणसाला पहिल्यांदा बसवताना एक हात त्याच्या खांद्यांमागे असतो, दुसरा गुडघ्यांखाली, आणि नर्स सगळ्या नळ्या एका बाजूला धरून उभी असते. पाय कॉटवरून खाली येतात. मान छातीवर पडते, ती सावरायला तुमचा खांदा पुढे करावा लागतो. मॉनिटरवर ९४ चा आकडा ९१ होतो, ८८ होतो. अशा वेळी परत आडवं करायचं की थांबायचं? चेहऱ्याचा रंग, श्वासाची लय, मानेचे स्नायू किती खेचले जाताहेत, नाडी कुठे चालली आहे, हे सगळं पीपीईच्या धुकट चष्म्यातून एकदम बघायचं. बऱ्याचदा थोडं थांबलं, नाकातून सावकाश श्वास घ्यायला सांगितलं, की आकडा परत चढतो. असा बसलेला एक माणूस आपल्याच मांड्यांकडे बघत राहिला होता आणि मग हळूच म्हणाला, "हे माझे पाय आहेत?" त्या प्रश्नाचं उत्तर देणं हेच माझं काम आहे, आणि ते पुढचे कित्येक महिने चालतं.

आता पेशाबद्दल. साथ आली तेव्हा आमचे दोन तट पडले. हॉस्पिटलमधल्यांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती. क्लिनिक चालवणारे आणि घरी जाऊन उपचार देणारे एका दिवसात घरी बसले, कारण त्यांचं सगळं काम हाताने स्पर्श करून करायचं. पेशंटमागे पैसे मिळणाऱ्यांचं उत्पन्न थेट शून्यावर आलं, भाडं मात्र चालू राहिलं. लकवा झालेल्या, मणक्याचं ऑपरेशन झालेल्या, नुकतं बाळंतपण झालेल्या कितीतरी लोकांचे उपचार मध्येच तुटले. लकव्यानंतरचे पहिले काही महिने सुधारणेसाठी सगळ्यात मोलाचे असतात. ज्यांचे ते लॉकडाऊनमध्ये गेले त्यांचं नुकसान कुठल्याच आकड्यात धरलं गेलं नाही, आणि ते पुढे भरूनही निघालं नाही.

याच काळात पाठदुखी, गुडघेदुखी, खेळाडूंच्या दुखापती बघणाऱ्या अनेकांना आयसीयूत बोलावलं गेलं. थोडक्यात प्रशिक्षण, आणि लगेच ड्यूटी. ज्यांनी ते केलं त्यांच्याबद्दल मला अतोनात आदर आहे. पण त्यातल्या अनेकांनी शिक्षण संपल्यापासून व्हेंटिलेटरला हात लावला नव्हता. त्यांचा यात काय दोष? आपल्या पेशात वर्षानुवर्षं मान आणि पैसा या दोन्ही गोष्टी स्नायू-सांध्यांच्या कामाला मिळत आल्या. छातीचं काम म्हणजे रात्रपाळी, संसर्ग आणि कमी पगार. हुशार मुलं तिकडे वळली नाहीत यात नवल नाही. म्हणून मला वाटतं की प्रत्येक फिजिओथेरपिस्टने, मग तो कुठल्याही शाखेत असो, ठरावीक काळाने आयसीयूत उजळणीसाठी उभं राहिलं पाहिजे. त्या वेळेचा पगार संस्थेने दिला पाहिजे. पुढची साथ कधी येईल हे कुणी सांगू शकत नाही, आणि ती आल्यावर शिकायला वेळ मिळत नाही.

आपला पेशा तर साथींमध्येच घडला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बोस्टनमध्ये रॉबर्ट लोव्हेट आणि त्यांच्या सहायक विल्हेल्माइन राइट यांनी पोलिओ झालेल्या मुलांच्या स्नायूंची ताकद हाताने तपासायची पद्धत बसवली. आजही आपण शून्य ते पाच अशी जी श्रेणी देतो, तिचं मूळ त्या कामात आहे. १९५१ साली आपली जागतिक संघटना कोपनहेगनमध्ये स्थापन झाली. पुढच्याच वर्षी त्याच शहरात पोलिओने कहर केला आणि मेडिकलचे विद्यार्थी पाळ्या लावून हाताने फुगा दाबत पेशंटना श्वास देत होते. आयसीयू नावाची गोष्ट त्या अनुभवातून उभी राहिली. या इतिहासाचे वारसदार म्हणवणाऱ्यांना आयसीयू परका वाटावा, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

व्हिडिओ कॉलवरच्या उपचारांबद्दल दोन्ही बाजूंनी फार टोकाचं बोललं जातं. मी ते केलंय आणि यापुढेही करणार आहे. फोन जमिनीलगत ठेवला की चाल छान दिसते. घरातल्या माणसाला कमरेला कुठे धरायचं ते शिकवता येतं. लांब राहणाऱ्याचा प्रवास वाचतो. पण ताठरलेला स्नायू किती विरोध करतोय, हे पडद्यावरून कळत नाही. साथीच्या वर्षांत ज्यांचं शिक्षण पडद्यावर झालं त्या मुलांचं तर मोठं नुकसान झालं. हाताला काय लागलं पाहिजे हे दुसऱ्याचा हात बघून येत नाही. त्या वर्षांतल्या मुलांना कच्ची म्हणून हिणवणारे वरिष्ठ मी पाहिलेत. त्यांनी ते बंद करावं आणि या मुलांना शेजारी उभं करून शिकवावं.

लाँग कोविडने, म्हणजे कोविड होऊन गेल्यावरही महिनोन्महिने राहणाऱ्या त्रासाने, तर आमच्या मुळालाच हात घातला. आमचं सगळं शिक्षण "अजून थोडं, अजून पाच वेळा" या शब्दांवर उभं आहे. या आजारात अनेकांना श्रमानंतर एक-दोन दिवसांनी सगळी लक्षणं उसळून येतात, आणि त्यांना जोर लावायला सांगितलं की ते आणखी खाली जातात. स्वतः आजारी पडलेल्या फिजिओथेरपिस्टनीच २०२० मध्ये एकत्र येऊन हे जगाला ओरडून सांगितलं, आणि २०२१ मध्ये आमच्या जागतिक संघटनेनेही सावधगिरीच्या सूचना काढल्या. अशा पेशंटला थांबायला शिकवावं लागतं, दिवसाची ताकद वाटून वापरायला शिकवावं लागतं. "मनावर घेऊ नका, चाला म्हणजे बरं वाटेल" हा सल्ला कृपा करून देऊ नका, फिजिओथेरपिस्ट असाल तर अजिबात नाही.

माझी मागणी फार मोठ्या पैशांची नाही. आयसीयूतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या डिस्चार्जच्या कागदावर स्नायूंच्या ताकदीचा ६० पैकी गुण लिहा. बारा स्नायूगट तपासायचे, शून्य ते पाच गुण द्यायचे, माणूस शुद्धीवर असला की तपासणी कॉटशेजारीच होते. ४८ च्या खाली गुण आले तर त्याला आयसीयूमुळे आलेला अशक्तपणा आहे. त्याच्या शेजारी एका मिनिटात खुर्चीतून किती वेळा उठता आलं आणि तेवढ्यात सॅच्युरेशन किती उतरलं, ते लिहा. चालताना आधार लागतो का ते लिहा. पुढचा उपचार कोण करणार, कधीपासून, त्याचं नाव आणि तारीख लिहा. ही जागा कागदावर छापलेली असली की ती भरायला माणूस नेमावा लागेल, आणि तो माणूस कंत्राटावर नको, कायम नोकरीत हवा. माझ्या विद्यार्थ्यांना मी हा तक्ता आत्तापासून भरायला लावते आहे. ज्या सहकाऱ्यांना हवा असेल त्यांनी कळवा, पाठवते.