मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये कुठलाही ग्रह फुटलेला नाही

दर काही महिन्यांनी एक मेसेज नवं चित्र लावून फिरायला लागतो: मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये पूर्वी एक मोठा ग्रह होता, तो फुटला, आणि लघुग्रहांचा पट्टा म्हणजे त्याचेच तुकडे. पुरावे साधारण ठरलेले. तिथे ग्रह असायलाच हवा असं गणित सांगतं. तिथे लाखो तुकडे आहेत, एवढा माल आला कुठून? काही अशनी, म्हणजे अवकाशातून पृथ्वीवर पडलेले तुकडे, लोखंडाचे आणि काही दगडाचे, म्हणजे एक गाभ्याचा आणि एक कवचाचा. शिवाय लघुग्रह वेडेवाकडे आहेत, तेव्हा ते तुटूनच आले असणार. शेवटी कुणीतरी प्राचीन अणुयुद्धही जोडून देतं. अणुयुद्धाची बोळवण मी एका आकड्यात करणार आहे. बाकीचे मुद्दे तितके पोरकट नाहीत, त्यांना नीट उत्तर द्यायला हवं.

गणित म्हणजे टिटियस-बोडे नियम. ०, ३, ६, १२, २४ असे आकडे घ्या, प्रत्येकात ४ मिळवा, १० ने भागा. ग्रहांची सूर्यापासूनची अंतरं मिळतात, पृथ्वीचं अंतर १ धरून. मंगळाला १.६, गुरूला ५.२ आणि मधली २.८ ची जागा रिकामी. १७८१ मध्ये युरेनस सापडला, नियम १९.६ म्हणत होता, तो होता १९.२ वर. लोकांचा विश्वास बसला. १ जानेवारी १८०१ ला इटालियन खगोलनिरीक्षक पियात्सींना पालेर्मोहून सेरेस हा पहिला लघुग्रह दिसला, तोही २.७७ वर. इथवर गोष्ट झकास आहे. मेसेज मात्र नेमका इथेच थांबतो. १८४६ मध्ये नेपच्यून सापडला, तो नियमाप्रमाणे ३८.८ वर हवा होता, निघाला ३०.१ वर. जो नियम पुढच्याच ग्रहाला तोंडघशी पडला, त्याच्या भरवशावर एक अख्खा ग्रह उभा करायचा आणि मग तो फोडायचा, हे जरा जास्तच झालं.

स्फोटाची कल्पना मात्र कुणा भोंदूची नव्हे. १८०२ मध्ये ओल्बर्स या जर्मन खगोलनिरीक्षकाला जवळपास त्याच अंतरावर पॅलस हा दुसरा लघुग्रह सापडला. एका ग्रहाच्या जागी दोन, आणि दोन्ही फारच लहान. ओल्बर्सने तर्क केला की हे तुकडे असावेत. तसं असेल तर सगळ्यांच्या कक्षा स्फोटाच्या जागी एकमेकींना छेदतील, तेव्हा तिथे शोधा. १८०४ मध्ये हार्डिंगला जूनो सापडला, १८०७ मध्ये खुद्द ओल्बर्सला व्हेस्टा. त्या काळच्या माहितीवर हा तर्क वाजवीच होता, आणि गंमत म्हणजे चुकीचा असूनही त्याने शोध चालू ठेवला. पुढे शेकडो लघुग्रह सापडले, पण त्यांच्या कक्षा काही एका जागी मिळेनात.

आता माल. पट्ट्यात १ किलोमीटरहून मोठे लघुग्रह दहा लाखांहून अधिक आहेत, त्यामुळे ढीग प्रचंड असेल असं वाटतं. प्रत्यक्षात सगळे मिळून वस्तुमान चंद्राच्या सुमारे ३ टक्के भरतं. त्यातही तिसऱ्या हिश्श्याहून जास्त एकट्या सेरेसचं. एवढ्यात ग्रह सोडा, धड आपला चंद्रही होत नाही. ‘बाकीचं स्फोटात दूर फेकलं गेलं’ असं यावर उत्तर येतं. मग तो स्फोट कशाचा, तेही सांगा. पृथ्वीएवढा ग्रह पुन्हा गोळा होणार नाही असा विखरून टाकायला, सूर्य जवळपास आठवडाभरात जेवढी ऊर्जा बाहेर टाकतो तेवढी लागते. ग्रहाच्या पोटात असं काही नसतं. तिथली किरणोत्सारी उष्णता अब्जावधी वर्षं हळूहळू झिरपत राहते. आणि तो अणुयुद्धाचा आकडा: नुसता मंगळाएवढा ग्रह विखरायचा तरी १९६१ च्या सोव्हिएत चाचणीतल्या ५० मेगाटनी बॉम्बसारखे सुमारे २३ लाख कोटी बॉम्ब लागतील.

पण खरी साक्ष दगडांचीच. पट्ट्याच्या आतल्या भागात दगडी लघुग्रहांचा भरणा आहे. जूनो, गॅस्प्रा, आयडा हे सगळे दगडीच. अशा लघुग्रहांकडून येणारा साधा कॉन्ड्राइट अशनी कापून त्याचा काप गुळगुळीत केला, की राखाडी दगडात मिलिमीटरभराचे किंवा त्याहून बारीक गोल मणी दिसतात आणि त्यांच्यामध्ये लोखंड-निकेलचे चमकणारे ठिपके विखुरलेले असतात. चुंबक धरला तर ओढ जाणवते. हे मणी म्हणजे सूर्यमालेच्या पहिल्या काही दशलक्ष वर्षांत अवकाशातच वितळून थिजलेले थेंब. मोठ्या ग्रहाच्या पोटात हा दगड कधी असता, तर असा राहिलाच नसता. भट्टीत वितळलेलं लोखंड तळाशी बसावं आणि मळी वर यावी, तसं त्यातलं लोखंड निथळून गाभ्यात गेलं असतं, मणी विरघळून गेले असते. बरेच कॉन्ड्राइट नंतर कित्येक शे अंशांपर्यंत तापले, काहींतले मणी पुसट झाले, पण वितळण्यापर्यंत मजल गेली नाही.

हे दगड खरोखर दगडी लघुग्रहांचेच कशावरून, अशी शंका पूर्वी रास्त होती, कारण लघुग्रहांचा रंग अशनींपेक्षा लालसर दिसे. २०१० मध्ये जपानच्या हायाबुसा यानाने इटोकावा या दगडी लघुग्रहावरचे कण पृथ्वीवर आणले. इटोकावा आज पृथ्वीच्या जवळून फिरतो, पण तो मूळचा पट्ट्याच्या आतल्या भागातला मानला जातो. कण साध्या कॉन्ड्राइटशी जुळले, आणि रंगातला फरक सौर वाऱ्याने, म्हणजे सूर्याकडून येणाऱ्या कणांच्या माऱ्याने, पृष्ठभाग भाजल्यामुळे पडतो हेही पक्कं झालं.

मग लोखंडी अशनींचं काय? त्यातले बहुतेक वितळलेल्या पिंडांच्या गाभ्यातून आले, हे खरं. मात्र त्यांची रासायनिक घडण इतकी वेगवेगळी आहे की त्यांच्यामागे एक नव्हे, पन्नासच्या वर मूळ पिंड मानावे लागतात. वितळायला मोठा ग्रह लागतो हा समजही चुकीचा. सुरुवातीच्या काळात अ‍ॅल्युमिनियम-२६ हे अ‍ॅल्युमिनियमचं किरणोत्सारी रूप भरपूर होतं, सुमारे सात लाख वर्षांत निम्मं होणारं. लवकर जमलेला लहान पिंडही त्याच्या उष्णतेने वितळे. व्हेस्टा बघा. व्यास जेमतेम ५२५ किलोमीटर, पण नासाच्या डॉन यानाच्या मोजणीनुसार त्याला स्वतःचा लोहगाभा आहे, वर बेसाल्टचं कवच. कुणाच्या कवचाचा तुकडा असता तर त्याला स्वतःचा गाभा कुठून आला असता?

मेसेजमध्ये कधीच न येणारी एक गोष्ट मला सगळ्यात बोलकी वाटते. पट्ट्यात आतल्या बाजूला दगडी लघुग्रह जास्त आणि बाहेरच्या बाजूला कार्बनयुक्त काळपट लघुग्रह जास्त. काळपटांपैकी अनेकांमध्ये पाणी धरून ठेवणारी माती आहे. ही वाटणी काटेकोर नाही, सरमिसळ बरीच आहे, तरी कल स्पष्ट दिसतो. एका ग्रहाच्या स्फोटातून अशी मांडणी कशी व्हावी?

वेडेवाकडे आकार? १८ किलोमीटरच्या गॅस्प्राचं किंवा ६० किलोमीटर लांबीच्या आयडाचं गुरुत्व स्वतःला गोल करण्याइतकं नसतंच. इथे मेसेजच्या पदरात थोडं सत्य टाकायला हवं: यातले पुष्कळसे खरंच तुकडे आहेत. १९१८ मध्ये जपानी खगोलशास्त्रज्ञ हिरायामा यांनी दाखवलं की काही लघुग्रहांच्या कक्षा कुटुंबासारख्या एकमेकींशी जुळतात. आयडा त्यांपैकी कोरोनिस कुटुंबातला. पण फुटले ते लघुग्रहच, वेगवेगळ्या काळात, आपापसांतल्या टकरींत.

ग्रह तिथे झाला का नाही, याचं उत्तर शेजारी बसलं आहे. गुरूच्या ओढीने तिथल्या पिंडांचे वेग इतके वाढले की टक्कर झाल्यावर चिकटण्याऐवजी ते फुटू लागले, आणि बहुतेक माल बाहेर फेकला गेला. हे काम अजून चालू आहे. सूर्यापासून २.५ अंतरावरच्या पिंडाच्या तीन फेऱ्या होतात तेव्हा गुरूची एक होते, आणि तिथे पट्ट्यात चक्क मोकळी जागा आहे; अशा जागा कर्कवुड या अमेरिकी खगोलशास्त्रज्ञाने १८६६ मध्येच दाखवून दिल्या होत्या. तिथे सरकलेल्या दगडाची कक्षा लांबट होत जाते, आणि त्यातले काही पृथ्वीवर येऊन पडतात.