माहिती दाखवता तशी नीट बाहेरही काढू द्या

हार्डवेअरची माहिती दाखवणारी टूल्स असतात ना, सीपीयू-झेड, एचडब्ल्यूइन्फो, क्रिस्टलडिस्कइन्फो या जातीतली, त्यांच्याशिवाय माझं काम एक दिवस चालणार नाही. एका कॉलेजच्या लॅब्ज, काही शाळा आणि एक पतसंस्था यांचे कॉम्प्युटर मी सांभाळतो. कॅबिनेट न उघडता रॅम डीडीआर३ आहे का डीडीआर४, एकच स्टिक आहे का दोन, बायोस (मशीन सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) कुठल्या तारखेचा, हे अर्ध्या मिनिटात कळतं ते यांच्यामुळेच. दर वर्षी नव्या चिप येतात, प्रत्येकीचे नखरे वेगळे, आणि ही टूल्स बनवणारी मंडळी ते सगळं समजून घेऊन टूल अपडेट करत राहतात, त्याबद्दल मनापासून आदर आहे. म्हणूनच हे लिहितोय. मी रोज जे टूल वापरतो त्याचं नाव घेत नाही, लायसन्स पैसे देऊन घेतलंय, माहिती एक नंबर दाखवतं, पण ती माहिती बाहेर काढायची म्हटली की अक्षरशः रडवतं.

आता बघा, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. कॉलेजातून प्रश्न आला, आपली किती मशीन विंडोज अकरावर जातील? प्रश्न एका ओळीचा. त्याला लागतं काय, तर प्रोसेसर कुठल्या जनरेशनचा (इंटेल असेल तर साधारण आठवी आणि पुढची), टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आहे का, सिक्युअर बूट होतंय का, रॅम किती, डिस्क किती. हे सगळंच्या सगळं टूलला माहितीये हो! पण देतं कसं, तर प्रत्येक मशीनचा वेगळा एचटीएमएल रिपोर्ट, रंगीत हेडिंगवाला, छापला तर पानंच्या पानं. नाहीतर टेक्स्ट फाइल, जिच्यात स्पेस देऊन देऊन रकाने सरळ केलेत. वाचायला छान आहे, पण मला वाचायचं नाहीये, मला सगळी मशीन एका शीटमध्ये एकाखाली एक पाहिजेत. त्या टेक्स्ट फाइलवर स्क्रिप्ट लिहावी म्हटलं तर एका मशीनला रॅमची एक स्टिक आणि दुसऱ्याला दोन, की खालच्या सगळ्या ओळी सरकल्या, स्क्रिप्ट ग्राफिक्स कार्डच्या जागी दुसऱ्या स्टिकचा पार्ट नंबर उचलते. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाइल, एक्सेलमध्ये उघडते) आहे, पण फक्त तापमानाच्या आणि फॅनच्या लॉगला. मशीनच्या माहितीला नाही. का नाही?

सगळ्यात जास्त जीव जातो सिरीयल नंबरात. शाळा-कॉलेजात ज्यांनी काम केलंय त्यांना डेड स्टॉक रजिस्टर (संस्थेच्या टिकाऊ वस्तूंची नोंदवही) काय चीज आहे ते माहितीये. मशीन काढून टाकायचं म्हटलं की निर्लेखनाचा प्रस्ताव, त्यात सिरीयल नंबर रजिस्टरशी जुळला नाही की ऑफिसातले भाऊसाहेब फाइल परत पाठवणार, आणि त्यांचं बरोबरच आहे, उद्या ऑडिटमध्ये उत्तर त्यांनाच द्यायचंय. आणि एक्सेल काय करतं, नंबराच्या सुरुवातीची शून्यं खातं, पंधरा आकड्यांच्या पुढे काही असेल तर तिथे शून्यं भरतं, आणि आकडे, मधे एक ई, मग परत आकडे असा सिरीयल असेल तर त्याला दहाचा घात समजून भलतीच संख्या करून ठेवतं. हा छळ मोठमोठ्यांना झालाय. २०२० साली मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने मार्च१ सारखी नावं चक्क बदलली, कारण एक्सेल त्यांची तारीख करत होतं. सीएसव्हीत अवतरण चिन्हं घातली तरी एक्सेल ऐकत नाही. म्हणून माझं म्हणणं, सीएसव्ही द्याच, पण सोबत सरळ एक्सेलची फाइल पण द्या, सिरीयल, पार्ट नंबर, मॅक अ‍ॅड्रेस (नेटवर्क कार्डाचा नंबर) हे रकाने टेक्स्ट म्हणून बांधलेली.

युनिटचंही तेच. डिस्कच्या लेबलवर ५०० जीबी, रिपोर्टात ४६५ जीबी. एक हजाराने मोजलं का १०२४ ने, एवढाच फरक, पण रजिस्टरमध्ये ५०० लिहिलेलं असताना ४६५ दिसलं की पस्तीस जीबी गेले कुठे याचं स्पष्टीकरण मला लेखी द्यायला लागतं. एक्स्पोर्टमध्ये सरळ बाइट्समध्ये पूर्ण आकडा द्या, युनिट रकान्याच्या नावात लिहा, पुढचं आम्ही बघतो.

आणि रिकामं म्हणजे काय ते वेगळं कळू द्या. असेंबल्ड मशीनच्या बोर्डात सिरीयलच्या जागी बरेचदा 'टू बी फिल्ड बाय ओईएम' (उत्पादकाने भरायचं) असंच पडलेलं असतं, कारण ते भरायचं काम कुणी केलेलंच नसतं. ते वेगळं, सेन्सरच नाही हे वेगळं, आणि सेन्सर आहे पण वाचता आला नाही हे वेगळं. आत्ता तिन्हीला कधी डॅश, कधी शून्य. शून्य अंश तापमानाचा प्रोसेसर साताऱ्यात कुठून येणार? सरासरी काढायला गेलं की सगळं बोंबलतं. आणि मशीनच्या शेऱ्यात मी मराठीत 'लॅब २, खिडकीजवळ' असं लिहितो, त्याची एक्स्पोर्टमध्ये नुसती प्रश्नचिन्हं होतात. यूटीएफ-८, म्हणजे मराठीसकट सगळ्या लिप्या साठवायची पद्धत, ही काय आज आलेली गोष्ट आहे का.

पतसंस्थेतली एक डिस्क सांगतो. स्मार्टमधला (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) १९७ नंबरचा आकडा, पेंडिंग सेक्टर, म्हणजे डिस्कचे नीट वाचता न येणारे भाग, हा वाढायला लागला की समजायचं डिस्कचं काही खरं नाही. रिपोर्टात तो लांबलचक शून्यांच्या शेवटी २८ असा दिसत होता. हेक्साडेसिमल, दहाऐवजी सोळाने मोजलेलं. म्हणजे खरे ४०. ४० नुसते बघून काय कळणार, आधीच्या महिन्यात किती होते ते पाहिजे. आधीचे रिपोर्ट फोल्डरमध्ये होते, पण एकेक उघडून, खाली स्क्रोल करून, हेक्सचं दशमान करून कागदावर मांडलं तेव्हा दिसलं की दर महिन्याला आकडा चढतोय. डिस्क वेळेत बदलली, लोकांच्या ठेवींचा डेटा आहे तो. पण हेच प्रत्येक ओळीला तारीख-वेळ असलेल्या एका फाइलमध्ये असतं तर पहिल्या दोन महिन्यांतच डोळ्यात आलं असतं. डिस्कची तब्येत बघणाऱ्या फुकट स्मार्टमॉनटूल्सच्या स्मार्टसीटीएलने २०१८ मध्येच, सात नंबरच्या व्हर्जनला, जेसन (स्क्रिप्टला सहज वाचता येईल अशा साच्यातलं) आउटपुट दिलं, लिनक्सच्या एलएसएचडब्ल्यू या हार्डवेअर दाखवणाऱ्या टूलमध्येही ते आहे. मग पैसे घेणाऱ्या टूलला काय अडचण आहे?

आता कुणीतरी म्हणणार, पॉवरशेल (विंडोजला कमांड द्यायची सोय) आहे की, गेट-सिमइन्स्टन्स मारायचं आणि एक्स्पोर्ट-सीएसव्हीला जोडायचं. मारतो ना, रोज मारतो. पण त्यात बरंचसं तेच मिळतं जे बायोस स्वतःबद्दल सांगतो, आणि बायोस काहीही सांगतो. बायोसची ही माहिती वाचणाऱ्या डीएमआयडीकोड टूलच्या मॅन्युअलमध्येच बजावलंय की ही माहिती बरेचदा अपुरी किंवा चुकीची असते. रॅमच्या चिपमधून थेट टायमिंग वाचणं, बोर्डावरचे सेन्सर वाचणं, हे या टूल्सचं खरं कसब आहे आणि आम्ही पैसे त्यासाठीच देतो.

एक महत्त्वाचं राहिलं. रिपोर्ट सप्लायरला पाठवावा लागतो तेव्हा त्यात मॅक अ‍ॅड्रेस, युजरचं नाव, नेटवर्कमधलं मशीनचं नाव, सगळं जातं. एक्स्पोर्ट करताना रकाने निवडता आले पाहिजेत, आणि ही निवड सेव्ह करून कमांड लाइनवरून विंडो न उघडता चालवता आली पाहिजे. रात्री शेड्युल लावला, सकाळी फाइल तयार. आणि कृपा करून रकान्यांची नावं दर व्हर्जनला बदलू नका, बदललीत तर कुठली बदलली ते लिहा.

हे सगळं इंग्रजीत नीट लिहून त्या टूलवाल्यांना मेल केलंय, सोबत नाव-नंबर काढून टाकलेले माझे रिपोर्ट आणि मला पाहिजे तशी हाताने बनवलेली शीट जोडलीये. लायसन्सला थोडे जास्त घेतले तरी देईन. तुमच्यात कुणी शाळा, बँक, हॉस्पिटल असे कॉम्प्युटर सांभाळत असाल तर खाली लिहा, तुम्हाला कुठले रकाने लागतात, पुढच्या मेलमध्ये तेही टाकतो.