आधी वाडीला विचारा

इथे स्कॉटलंडमध्ये इन्व्हरनेसहून उत्तरेला निघालं की गोल्स्पी गावामागच्या डोंगरावर सदरलंडच्या पहिल्या ड्यूकचा उंच पुतळा लांबूनच दिसतो. शोकाकुल आणि कृतज्ञ कुळांनी तो उभारला, असं त्यावर कोरलंय. ड्यूक आणि त्याची बायको, सदरलंडची काउंटेस, यांची जमीन १० लाख एकरांहून जास्त. १८१०च्या दशकात त्यांच्या कारभाऱ्यांनी स्ट्रॅथनेव्हरच्या खोऱ्यातली गावं उठवली, घरं जाळली, माणसं समुद्राकाठच्या तुकड्यांवर हाकलली आणि खोरं मेंढ्यांना दिलं. ‘कृतज्ञ’ हा शब्द मला सहन होत नाही. माझे आजोबाही कूळच होते, रत्नागिरीतल्या एका खोताचे. निम्मं भात खोताच्या घरी जायचं, वर वेठ.

आमची सुटका मात्र झाली. बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती मोडण्याचं विधेयक मांडलं, १९४९ला कायदा झाला, १ एप्रिल १९५७ला कसणारा मालक ठरला. इथल्या क्रॉफ्टरांना, म्हणजे लहान तुकडे कसणाऱ्या कुळांना, १८८६च्या कायद्याने हुसकावण्यापासून संरक्षण दिलं, पण मालकी जमीनदारांचीच राहिली. सरंजामी धारणपद्धत जायला २००४ उजाडलं. आजही इथली निम्मी खासगी ग्रामीण जमीन पाचशेहून कमी मालकांकडे असल्याचा अंदाज आहे. याबाबतीत आपण पुढे होतो, हे मी इथे अभिमानाने सांगते.

आता मात्र घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आजोबांच्याच जमिनीचा सातबारा फिरतोय. मुंबईचं गिऱ्हाईक आहे, भाव चांगला आहे. चुलतभाऊ म्हणतो, लांब बसून बोलणं सोपं असतं. खरं आहे त्याचं. बेणणीला माणूस मिळत नाही, कलमं रानात बुडाली आहेत. पण घेणारा शेतकरी आहे का, हे आपला कायदा विचारतो. वाडीला कुणी विचारत नाही.

स्कॉटलंडच्या २००३च्या कायद्याने गावाला तो हक्क दिला. आधी नोंद करून ठेवली असेल, तर जमीन विक्रीला निघाल्यावर पहिली संधी गावाची. गावात मतदान होतं, किंमत स्वतंत्र मूल्यमापक ठरवतो, त्यामुळे विकणाऱ्याचं बुडत नाही. त्याही आधी, १९९७मध्ये, एग बेटावरच्या लोकांनी देणग्या गोळा करून, साथीला संस्था घेऊन, १५ लाख पौंडांना अख्खं बेट विकत घेतलं. आज तिथे पाणी, वारा आणि उन्हावरची स्वतःची वीज आहे, वस्तीही वाढली आहे.

सातबाऱ्यावर माझंही नाव आहे. मी सही नाकारलेली नाही. आधी वाडीची बैठक घ्या, त्यांना हाच भाव सांगा, सहा महिने द्या, एवढंच ग्रुपवर लिहिलंय. चुलतभावाचं उत्तर अजून आलेलं नाही.