नाऊरू आणि आपले गुंठामंत्री

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा कमी आला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: प्रशांत महासागरातल्या नाऊरू या चिमुकल्या बेट-देशावरच्या लेखात, खाणीने बेट उजाड झाल्याचं सगळं खापर मी तिथे राज्य करणाऱ्या गोऱ्यांवर फोडलं. नाऊरूच्या लोकांनी खाणीचा आयता पैसा उडवला, विमान कंपनी काढली, मेलबर्नमध्ये टॉवर उभा केला, लंडनमध्ये लिओनार्दो द विंचीवरच्या संगीत नाटकात पैसे घातले आणि तेही आपटलं. ‘हायवेत जमीन गेली की फॉर्च्युनर घेणारे आपले गुंठामंत्री आणि हे, फरक काय?’

आधी माझी चूक. मी फॉस्फेटच्या (खतासाठी लागणाऱ्या खनिजाच्या) खाणीची गोष्ट 1907 पासून सुरू करून 1968 च्या स्वातंत्र्यापाशी सोडून दिली. वाचणाऱ्याला वाटावं, तोवर सगळं बेट उकरून झालं होतं. तसं नव्हतं. तोवर फॉस्फेटच्या जमिनीपैकी साधारण एक तृतीयांश खणून झाली होती. उरलेली नाऊरूच्या स्वतःच्या सरकारने खणली, आणि त्या पैशाचं काय झालं ते तुम्ही लिहिलंच आहे. मेलबर्नचा तो टॉवर, 52 मजली नाऊरू हाऊस, 2004 मध्ये कर्जापायी विकावं लागलं. हे गोऱ्यांच्या नावावर घालता येत नाही. मान्य.

पण गुंठामंत्र्याची उपमा पुढे नेऊन बघा. त्याची चार एकर गेली तर तो शेजारच्या तालुक्यात दोन घेऊ शकतो. नाऊरूला शेजारचा तालुका नाही. सगळं बेट 21 चौरस किलोमीटर. किनाऱ्याने बेटाला वळसा घालणारा रस्ता 19 किलोमीटरच्या आसपास, म्हणजे चर्चगेटहून निघालात तर अंधेरीच्या आत संपला. त्या रस्त्यालगतच्या अरुंद पट्टीत माणसं राहतात. मधला उंचवटा, ज्याला तिथे ‘टॉपसाइड’ म्हणतात, तीच खाण. फॉस्फेट तिथे प्रवाळी चुनखडीच्या सुळक्यांच्या मधल्या फटींत भरलेलं होतं. ते काढून घेतलं की दोन-दोन पुरुष उंचीचे करडे सुळके तेवढे उभे राहतात. त्यात नांगर चालत नाही, घर बांधता येत नाही, धड चालताही येत नाही. फणसातले गरे खाऊन झाल्यावर काटेरी साल उरते ना, तसं. (मी तिथे गेलेलो नाही, फोटो बघून लिहितोय, हाही तुमचा टोमणा बरोबर आहे.)

आणि दुसरीकडे जमीन घ्या, असं त्यांना खरंच सांगून झालं होतं! 1960 च्या दशकात, तेव्हा नाऊरूचा कारभार बघणाऱ्या ऑस्ट्रेलियाने क्वीन्सलँडजवळचं कर्टिस बेट देऊ केलं: सगळे तिकडे चला, ऑस्ट्रेलियाचे नागरिक व्हा. नाऊरूचे नेते हॅमर डीरोबर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नकार दिला, कारण तिथे राज्य त्यांचं नसतं. हा नकार मला नाटकातल्या पैशांपेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो.

तो कुठून आला असेल, याचा एक धागा लेखात राहून गेला. महायुद्धात जपान्यांनी 1200 नाऊरूवासीयांना उचलून दूरच्या ट्रुक बेटांवर मजुरीला नेलं. परत आले 737. ते बोटीतून उतरले तो दिवस 31 जानेवारी 1946. पुढे स्वातंत्र्यासाठी त्यांनी तारीख निवडली ती हीच, 31 जानेवारी. एकदा बेटाबाहेर जाऊन आलेल्या लोकांना पुन्हा ‘तिकडे चला’ म्हणणं सोपं नव्हतं.

‘भरपाई तर मिळाली की’, हेही तुम्ही म्हणता. मिळाली, पण मागितल्यावर नाही. 1989 मध्ये नाऊरूने स्वातंत्र्याआधीच्या खाणीने झालेल्या नुकसानीसाठी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात ऑस्ट्रेलियावर दावा लावला. हे प्रकरण या न्यायालयापुढे चालूच शकत नाही, असं ऑस्ट्रेलियाचं म्हणणं होतं. 1992 मध्ये न्यायालयाने ते म्हणणं फेटाळलं, आणि मगच 1993 मध्ये 10 कोटी 70 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरवर तडजोड झाली. तोवर ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या शेतकऱ्यांनी कित्येक वर्षं बाजारभावापेक्षा स्वस्तात हे खत वापरलं होतं. उधळपट्टीचा हिशेब मांडायचा तर हाही त्यातच धरा.

राजधानीबद्दल तुमचं बरोबर. यारेन ही राजधानी नव्हे, नाऊरूला अधिकृत राजधानीच नाही. संसद आणि विमानतळ यारेनमध्ये आहेत एवढंच. लेखात दुरुस्ती केली आहे, आणि 1968 नंतरच्या खाणीचा परिच्छेदही जोडला आहे.